हायपो की हायपर? वैद्यकीय शब्दांच्या कुळाची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास घोडबंदरच्या माझ्या दवाखान्यात एका काकांना दोघांनी धरून आणलं. अंग घामाने निथळत होतं, हात थरथरत होते आणि काका भलतंच काहीतरी बोलत होते. त्यांना मधुमेह होता, औषध माझ्याकडेच चालू होतं. बोटाला सुई टोचून साखर बघितली तर ४६. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत काका उठून बसले आणि "मला इथे कशाला आणलंत?" म्हणून मुलावरच चिडले.

मुलगा मात्र अजून घाबरलेला होता. तो म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या कागदावर लिहिलं होतं ना, हायपोग्लायसेमियाकडे लक्ष ठेवा म्हणून. सकाळी बाबांना घाम फुटला तेव्हा वाटलं, हाच तो हायपो, शुगर वाढली. म्हणून चहा बिनसाखरेचा दिला, नाश्ता थांबवला. गोळी तेवढी वेळेवर दिली."

म्हणजे साखर आधीच उतरलेली, त्यात खाणं बंद आणि साखर उतरवणारी गोळी पोटात! अजून तासभर उशीर झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून आजही अंगावर काटा येतो. चूक मुलाची नव्हती. कागद माझ्याच हातचा होता. 'हायपो' आणि 'हायपर' यांतला फरक माहीत असणं हे माझं काम, आणि तो समजावून सांगणं हेही माझंच काम होतं.

त्या दिवसापासून मी रुग्णांना हे शब्द फोडून सांगायला लागलो. फोडून सांगता सांगता एक मजेशीर गोष्ट लक्षात आली. ज्या ग्रीक-लॅटिन शब्दांना आपण घाबरतो, त्यांतले बरेच आपले लांबचे नातेवाईक आहेत. आजचा लेख त्या नात्याबद्दल आहे.

डॉक्टर अशी भाषा का बोलतात?

युरोपातलं जुनं वैद्यक ग्रीसमध्ये वाढलं. हिपोक्रेटिस आणि गेलन या वैद्यांनी ग्रीकमध्ये लिहिलं, त्यामुळे रोगांची बरीच नावं ग्रीक राहिली. पुढे शेकडो वर्षं युरोपातल्या विद्यापीठांची भाषा लॅटिन होती. १५४३ मध्ये व्हेसेलियसने शरीररचनेवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लॅटिनमध्येच छापला, आणि अवयवांची नावं मोठ्या प्रमाणात लॅटिन झाली.

म्हणूनच एका अवयवाची दोन-दोन नावं सापडतात. मूत्रपिंडाला लॅटिनमध्ये 'रेन' म्हणतात, त्यावरून 'रीनल'. ग्रीकमध्ये 'नेफ्रोस', त्यावरून 'नेफ्रायटिस' आणि 'नेफ्रॉलॉजिस्ट'. एक आजी मला काळजीने विचारत होत्या, "अरे, आधी म्हणाले रीनलचा त्रास आहे, आता म्हणतात नेफ्रोवाल्याकडे जा. म्हणजे दोन आजार झाले का मला?" आजींना एकच आजार होता, नावं तेवढी दोन भाषांतली होती. फुप्फुसांचंही तेच. 'पल्मनरी' लॅटिन, 'न्यूमोनिया' ग्रीक. त्वचेसाठी 'क्युटेनियस' लॅटिन, 'डर्मटायटिस' ग्रीक. रिपोर्टवर दोन वेगळे शब्द दिसले म्हणजे रोगही दोन असतील असं नाही.

हे शब्द मुंबईत कसे आले?

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. शिकवणं इंग्रजीतून, आणि त्या इंग्रजीत पावलोपावली ग्रीक-लॅटिन. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात मूळचे गोव्याचे डॉ. भाऊ दाजी लाड होते. हा माणूस नुसता डॉक्टर नव्हता. संस्कृतचा मोठा अभ्यासक होता, जुने शिलालेख आणि नाणी वाचत होता. शवविच्छेदनाच्या टेबलाशी 'डेन्स', 'जेनू', 'नेसस' असे शब्द पहिल्यांदा ऐकताना त्यांच्या कानांत 'दंत', 'जानु', 'नासा' वाजले असतील का, असं मला नेहमी वाटतं.

सगळ्यांना इंग्रजी झेपणारं नव्हतं. म्हणून १८६० च्या दशकात याच कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्गही निघाले. मराठीतून शरीरशास्त्र शिकवायचं तर पुस्तकं हवीत आणि पुस्तकांसाठी शब्द हवेत. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या मंडळींनी मराठीत वैद्यकावर लिहिलं. या लोकांना प्रत्येक पानावर एकच प्रश्न पडत असणार. परका शब्द तसाच घ्यायचा, संस्कृतातून नवा घडवायचा, की घराघरात बोलला जाणारा साधा शब्द उचलायचा? आपण आजही रोज तेच करतो. 'ब्लडप्रेशर' म्हणतो, 'रक्तदाब' लिहितो आणि 'बीपी वाढलं' असं बोलतो.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, म्हणजे 'ऑब्स्टेट्रिक्स'. हा शब्द लॅटिन 'ऑब्स्टेट्रिक्स' वरूनच आला. मूळ अर्थ, समोर उभी राहणारी बाई. बाळंतिणीसमोर कोण उभी असते? सुईण! आणि उभं राहणं या अर्थाचा लॅटिन धातू 'स्टा' म्हणजे आपल्या 'स्था'चा सख्खा भाऊ.

भाऊ कसा?

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी एक मत मांडलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, आणि ती भाषा कदाचित आता उरलेली नसावी. पुढच्या दोनशे वर्षांच्या अभ्यासाने हे मत पक्कं झालं. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण व्हॉट्सॲपवर उलटं फिरत असतं. ग्रीक आणि लॅटिन या संस्कृतच्या मुली नाहीत. तिघी बहिणी आहेत, आई एकच.

आता हे शब्द पाहा. दात म्हणजे संस्कृत 'दंत', लॅटिन 'डेन्स', ग्रीक 'ओडोन्ट'. वाकडे दात सरळ करणारा तो ऑर्थोडॉन्टिस्ट. हाडासाठी 'अस्थी' आणि ग्रीक 'ऑस्टिऑन', त्यावरून ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं सच्छिद्र, ठिसूळ होणं. 'यकृत' आणि ग्रीक 'हेपार' ऐकायला अगदी वेगळे वाटतात, पण भाषातज्ज्ञ त्यांचं मूळ एकच मानतात. त्या हेपारवरून हिपॅटायटिस.

'डिसेंट्री' हा शब्द तर मला फार आवडतो. ग्रीक 'डिस' म्हणजे वाईट, बिघडलेलं, आपल्या 'दुर्गंध', 'दुष्काळ' यांतला 'दुस्'. ग्रीक 'एन्टेरॉन' म्हणजे आतडं, संस्कृत 'अंत्र'. जोडून बघितलं तर 'दुस् + अंत्र', म्हणजे बिघडलेलं आतडं. 'डायरिया'मधला 'रिया' म्हणजे वाहणं. तोही आपल्या 'स्राव' शब्दाच्या 'स्रु' धातूचा नातेवाईक. आयुर्वेदात याला 'अतिसार' म्हणतात, त्यातही सरणं, वाहणं आहेच. आजार जुने आणि अनुभव सगळीकडे सारखाच.

मधुमेहाची गोष्टही अशीच. 'डायबिटीस' या ग्रीक शब्दात आरपार वाहून जाणं आहे. पाणी प्यायलं की लगेच लघवीवाटे बाहेर. 'मेलायटस' म्हणजे लॅटिनमध्ये मधाचा, गोड. आपल्या 'मधुमेह' शब्दात 'मधु' आहे आणि 'मेह' म्हणजे लघवी. लघवी होण्याला डॉक्टर 'मिक्च्युरिशन' म्हणतात, त्या लॅटिन शब्दाचं आणि 'मेह'चं मूळही एकच आहे.

काही ठिकाणी मूळ वेगळं असतं पण नजर सारखी असते. 'मसल' हा शब्द लॅटिन 'मस्क्युलस' वरून आला. त्याचा अर्थ छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं दिसतं, रोमन लोकांना तो उंदीर वाटला. आपण लहानपणी एकमेकांना काय सांगायचो? "दंडाची बेटकुळी काढून दाखव!" आपल्याला तिथे बेडूक दिसला. 'कॅन्सर' म्हणजे लॅटिनमध्ये खेकडा, 'कार्सिनोमा'तला ग्रीक 'कार्किनोस' म्हणजेही खेकडा, आणि आपण म्हणतो 'कर्करोग'.

मोडशी आणि कुत्र्याचं मरण

आता घोडबंदरकडे येतो. इथला किल्ला पोर्तुगीजांचा. घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं आपण ऐकत आलो. त्यातलं 'बंदर' मुळात फारसी. खाडीपलीकडची वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे वर्षं या खाडीवरून घोडे, मीठ आणि तांदळाबरोबर शब्दांचीही ये-जा झाली.

१५३४ मध्येच गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात आला. पुढे मुंबई बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ मध्ये त्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यात छापला. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिलं आणि औषधांची इथली नावंही नोंदवली. त्याच ग्रंथात पटकीचं, म्हणजे कॉलऱ्यासारख्या रोगाचं वर्णन आहे. इथले लोक या रोगाला काय म्हणतात आणि त्याचं पोर्तुगीजांनी काय करून ठेवलं, हेही त्याने सांगितलं. तो शब्द म्हणजे आपली 'मोडशी'. पोर्तुगीजांच्या तोंडी ती 'मोर्देशी', 'मोर्देशिम' झाली. पुढे फ्रेंचांनी ऐकली आणि त्यांना ती आपल्याच भाषेतली वाटली. त्यांनी ती 'मोर द शियाँ' अशी लिहिली. फ्रेंचमध्ये याचा अर्थ कुत्र्याचं मरण! अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपियन लोक कॉलऱ्यासाठी हे नाव वापरत होते.

वाचणाऱ्याला वाटलं असेल, किती भयानक रोग, म्हणून असं नाव. पण त्या नावाचा कुत्र्याशीही संबंध नव्हता आणि मरणाशीही नव्हता. आपल्या 'मोडणे' क्रियापदातून निघालेला तो साधा मराठी-कोकणी शब्द. माणूस मोडून पडतो, ती मोडशी. आजही आमच्याकडच्या जुन्या बायका पोट बिघडलं, अपचन झालं की "पोराला मोडशी झाली" म्हणतात.

'कॉलरा' शब्दाचीही गंमत आहे. ग्रीक 'कोले' म्हणजे पित्त. पित्त खवळून जुलाब-उलट्या होतात अशी तेव्हाची समजूत. खरं कारण दूषित पाण्यातला जिवाणू. याच 'कोले'मधून 'कोलेस्टेरॉल' आलं, कारण तो पदार्थ प्रथम पित्ताच्या खड्यांत सापडला. कोले म्हणजे पित्त, 'स्टेरिऑस' म्हणजे घट्ट.

'मलेरिया' म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवा. दलदलीच्या हवेने ताप येतो असं लोक मानत. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. समजूत गेली, नाव राहिलं. 'हिस्टेरिया'तला 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. बायकांच्या मनाच्या त्रासाचं खापर शतकानुशतकं त्यांच्या गर्भाशयावर फोडलं गेलं, त्याची ही खूण. शब्दाचं मूळ म्हणजे त्या काळच्या माणसाचा अंदाज. तो चुकलेलाही असू शकतो.

विडी सोडा, बीडी घ्या

आता तुमच्या हातातल्या चिठ्ठीकडे वळू. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "विडी सोडायला सांगता आणि कागदावर बीडी लिहून देता, हे कसं?" हसून हसून पुरेवाट झाली. पण प्रश्न रास्त होता.

बीडी म्हणजे लॅटिनमध्ये 'बिस इन दिए', दिवसातून दोनदा. 'बिस' हा संस्कृत 'द्विस्'चा भाऊ, 'दिए' हा 'दिवस'चा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. टीडीएस म्हणजे तीनदा, त्यातला 'तेर' म्हणजे आपला 'त्रिस्'. एचएस म्हणजे झोपण्याच्या वेळी. त्यातला लॅटिन 'सोम्नस' म्हणजे झोप, आणि तो आपल्या 'स्वप्न' शब्दाचा नातेवाईक आहे. झोप न येणं ते इन्सोम्निया.

एसओएस म्हणजे 'सी ओपुस सित', गरज पडली तरच. पुष्कळांना वाटतं, हा जहाजांचा संकटाचा इशारा, म्हणजे ही गोळी फार महत्त्वाची, चुकवायचीच नाही. वेदनाशामक गोळी एसओएस लिहिलेली असताना महिनाभर रोज दोनदा घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. अशाने पोटात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

घरी लक्षात ठेवण्यासारखं

सगळे शब्द पाठ करण्याची गरज नाही. एवढे तुकडे ओळखता आले तरी रिपोर्टची भीती बरीच कमी होते.

• हायपर म्हणजे जास्त, वर. संस्कृत 'उपरि'चा भाऊ. हायपरटेन्शन म्हणजे वाढलेला रक्तदाब.

• हायपो म्हणजे कमी, खाली. संस्कृत 'उप'चा भाऊ. उपसरपंच सरपंचाच्या खाली, तसा हायपो खाली. हायपोथायरॉइड म्हणजे थायरॉइडचं काम कमी पडणं.

• सुरुवातीचा अ किंवा अन् म्हणजे नाही किंवा कमी. आपल्या 'अशक्त', 'अनारोग्य'मधलाच. ॲनिमिया म्हणजे रक्त कमी.

• शेवटी एमिया म्हणजे रक्तात. ग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर.

• शेवटी आयटिस म्हणजे दाह, सूज. आर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांचा दाह.

• शेवटी एक्टमी म्हणजे कापून काढणं. अपेन्डेक्टमी म्हणजे अपेंडिक्स काढणं.

• शेवटी स्कोपी म्हणजे आत डोकावून पाहणं. गॅस्ट्रोस्कोपी म्हणजे जठरात नळी घालून पाहणं.

• शेवटी ओमा म्हणजे बहुधा गाठ. इथे मात्र जपून! लायपोमा ही चरबीची गाठ, बहुधा निरुपद्रवी. हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू, त्यात गाठ नसतेच. आणि लिम्फोमा, मेलॅनोमा हे शब्द लायपोमासारखेच वाटले तरी कर्करोग आहेत.

म्हणून शब्द फोडा, अंदाज बांधा, पण त्या अंदाजावर औषध सुरू किंवा बंद करू नका. फ्रेंचांना मोडशीत कुत्रा दिसला होता, हे विसरू नका. शब्द फोडता आला की डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो. त्याचा खरा उपयोग तोच.

आणि मधुमेह असलेल्या प्रत्येक घरासाठी एक गोष्ट. अचानक घाम, थरथर, खूप भूक, धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर साखर उतरलेली असू शकते. घरी ग्लुकोमीटर असेल तर तपासा. साखर ७० पेक्षा कमी असेल, किंवा तपासता येत नसेल, तर माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असताना तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर पोळी-भाजी किंवा भात असं काहीतरी खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि नंतर डॉक्टरांना कळवा, औषधाचं प्रमाण बदलावं लागू शकतं.

ते काका अजून येतात. आता त्यांच्या कागदावर मी 'हायपोग्लायसेमिया' लिहीत नाही. मोठ्या अक्षरात मराठीत लिहितो, "घाम आला, थरथर झाली तर लगेच साखर-पाणी द्या." खाली बीडीऐवजी 'सकाळी एक, रात्री एक, जेवणाआधी'. त्यांचा मुलगा तो कागद फ्रिजवर चिकटवून ठेवतो. मागच्या महिन्यात काका एकटेच आले होते. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवताना म्हणाले, "हायपो म्हणजे खाली, उपसरपंच. पोरालापण पाठ झालंय आता."